सव्वा तास जायला, सव्वा तास यायला

हाळीकर सरांनी पांढरं यंत्र सुकामेव्याच्या दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. सातशे चार ग्रॅम. मग ते उचलून काळं ठेवलं. सहाशे बारा. शर्टाच्या खिशातून डायरी काढून दोन्ही आकडे त्यांनी लिहून घेतले, बदामाची पुडी हातात धरून खोळंबलेल्या दुकानदाराचे आभार मानले आणि दोन हातांत दोन यंत्रं घेऊन ते पायऱ्या उतरले.

"सर, वजन खोक्यावर छापलेलं असतंय की," मागून येणारा महांतेश म्हणाला.

"छापलेलं वाचलं होतं. आता मोजलं."

पंधरा वर्षांपूर्वी बारावीला सरांनीच महांतेशला फिजिक्स शिकवलं होतं आणि त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नसतो, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचं लॅपटॉप विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. वर्षभरापासून तो ही हातात धरून खेळायची यंत्रंही ठेवू लागला होता. दिसायला जाड पाटीसारखं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. आत मात्र अख्खा संगणक. अशा दुकानात माधवराव हाळीकर पाऊल टाकतील, हे कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी महांतेशनं मानलं नसतं. लातूरच्या दोन पिढ्यांना ज्यांनी 'आधी अभ्यास, मग बाकीचं' ऐकवलं, ते सर तीन दिवस रोज येत होते आणि रोज नवा प्रश्न आणत होते.

कारण साधं होतं. यंदा अधिक ज्येष्ठ आला होता. धोंड्याचा महिना आला की लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण जावयाच्या हातात द्यायचं आणि सोबत त्याच्या आवडीची एखादी वस्तू. लेकीच्या, इराच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यामुळे हा पहिलाच धोंडा. सरांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी जावयाला तीनदा फोन करून काय हवं ते विचारलं. दोनदा यज्ञेश 'काही नको' म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, यातलं कोणतंही चालेल. सौदामिनीबाईंना ते रक्तदाब मोजायचं यंत्र वाटलं. त्यांनी काळजीनं फोन सरांपुढं धरला. सरांनी बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

तिशी ओलांडलेला, नांदेडला पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा माणूस सासऱ्याकडं व्हिडिओ गेम मागतो, हे त्यांच्या पचनी पडेना. पण नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. जावयानं मागितलं की आणायचं. त्यात सासऱ्याचं मत कोणी विचारत नाही, आणि सरांनीही ते दिलं नाही. मनातल्या मनात मात्र ते चिडले होते. आणि त्या चिडण्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, त्याच्याकडं त्यांना बघायचं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी त्याच घरात असाच एक खेळ होता. लहानसा, निळा, तळहाताएवढा. इराच्या मामानं तिला दहावीच्या निकालावर दिलेला. इरा बारावीला गेली, मेडिकलची प्रवेश परीक्षा सहा महिन्यांवर आली, आणि सरांनी तो खेळ बंद करायचं ठरवलं. पण हिसकावून घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून खेळ त्यांनी तिच्याकडंच राहू दिला, फक्त 'निकालानंतर देईन' म्हणून त्याचा चार्जर घेतला. तो एका पाकिटात घातला, पाकिटावर 'इरा. चार्जर. निकालानंतर देणे' असं लिहिलं आणि आपल्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. हाळीकरांच्या घरात दुसऱ्याच्या ड्रॉवरला कोणी हात लावत नसे. आपण किती न्यायानं वागलो, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

इरानं भांडण केलं नाही. पडद्यावरच्या बॅटरीची शेवटची कांडी उरली, तेव्हा ती तिनं अकरा दिवस पुरवली. रोज दुपारी जेवण झालं की दोन मिनिटं खेळ चालू करायची. खेळायची नाही, नुसती बघत बसायची आणि बंद करायची. सरांनी ते दारातून पाहिलं होतं. बाराव्या दिवशी पडदा लागला नाही.

निकाल लागला तो थोडक्यात हुकलेला. त्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. अशा वेळी चार्जर कसा काढून द्यायचा, हे सरांना सुचेना. पुढच्या आठवड्यात देऊ म्हणाले. मग तिचा बी.एस्सी.चा प्रवेश आला, मग आणखी काही, आणि जितके दिवस गेले तितकं ते देणं अवघड होत गेलं. आपण शब्द मोडला, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कळून उपयोग झाला नाही. खालचा ड्रॉवर त्यांनी त्यानंतर उघडला नाही.

आणि इरानं त्यानंतर बापाकडं काही मागितलं नाही. शिकवण्या घेऊन स्वतःची पुस्तकं घेतली, स्पर्धा परीक्षा दिली, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागली. लग्नातसुद्धा शालू कोणता हवा म्हणून विचारलं तर म्हणाली, तुम्हाला पटेल तो घ्या. ती रुसलेली नव्हती. फोन करायची, सणाला यायची, सरांच्या गोळ्या संपल्या का ते विचारायची. फक्त काही देऊ केलं की म्हणायची, नको, बाबा. हे दोन शब्द ती इतक्या साधेपणानं म्हणायची की सरांना पुढं बोलायला जागाच राहत नसे. अकरा वर्षांत त्या शब्दांची त्यांनी धास्ती घेतली होती.

दुकानात परत आल्यावर सरांनी डायरीतला तक्ता काउंटरवर उघडून ठेवला. नऊ रकाने होते. पडदा, वेग, साठवण, वजन, आवाज, उष्णता, बॅटरी, वॉरंटी, दिसणं. नऊपैकी पाच ठिकाणी पांढरं पुढं होतं. त्याचा पडदा मोठा, वेग जास्त, कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी, आणि चांदीच्या ताटाशेजारी ठेवलं तर शोभेल असं रूप. काळं परदेशातून आणवलेलं होतं. त्याला इथं कंपनीच नव्हती.

"बिघडलं तर?" सरांनी विचारलं.

"मीच बघणार, सर. दुसरं कोण हाय?"

"मग पांढरं. प्रश्न संपला."

"तसं न्हाई सर," महांतेश डोकं खाजवत म्हणाला. "पांढरं ताकदीचं हाय, पण बॅटरी दीड तासात बसतीय. घरात पिनला लावून मोठाले गेम खेळायला बेस्ट. काळं दमानं चालतंय, गरम होत न्हाई, आवाज न्हाई. कोण खेळणार, कुठं बसून खेळणार, त्यावर सगळं हाय. जावयाला विचारा की."

सरांनी पेन्सिल उचलली. बारावीला काठावर पास झालेल्या पोरानं पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारला होता. त्यांनी डायरीत दहावा रकाना आखला, 'वापर', आणि तिथूनच नांदेडला फोन लावला.

यज्ञेश ऑफिसात होता. बाबा, कोणतंही चालेल, असं त्यानं आधी दोनदा म्हणून बघितलं. सरांनी ते मान्य केलं नाही. रोज किती वेळ वापरणार, हा पहिला प्रश्न. यज्ञेश थोडा अडखळला आणि म्हणाला, सव्वा तास सलग, मग संध्याकाळी परत सव्वा तास. मधे चार्जिंग करता येईल का, हा दुसरा. नाही, तिथं पिन नसते. बसून की पडून? बसून, पण धक्के बसतात, त्यामुळं जड नको. आवाज चालेल का? नको, बाबा, शेजारी बायका बसलेल्या असतात.

सरांची पेन्सिल थांबली. जावयाचं घर ते ऑफिस स्कूटरवर दहा मिनिटांचं होतं. शेजारी बायका बसलेल्या असतात अशी सव्वा तासाची जागा त्याच्या दिवसात कुठंच नव्हती. सर दुकानाबाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले.

"यज्ञेशराव, इरा सकाळी कंधारच्या ऑफिसला कोणत्या गाडीनं जाते?"

"सातच्या," यज्ञेश सहज बोलून गेला.

"तुम्ही तिच्यासाठी मागताय, हे तिला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"नाही, बाबा. माहीत असतं तर तिनं मला मागू दिलं नसतं."

मग त्यानं उरलेलं सांगितलं. बसमध्ये इरा मोबाईलवरच काहीबाही खेळून राहिली होती. लहान मुलांचे खेळ, शेतं, बोगदे, नदीनाले. मागच्या दिवाळीत दोघं हैदराबादला गेले, तेव्हा एका दुकानात ते काळं यंत्र हातात घेऊन ती अर्धा तास उभी होती. घेऊ म्हटलं तर नको म्हणाली. नवऱ्यालाही तिचे तेच दोन शब्द होते. धोंड्याला सासूबाईंचा तिसरा फोन आला, तेव्हा यज्ञेशला युक्ती सुचली. जावयाचं मागणं कोणी अडवत नाही, आणि घरात आलेली वस्तू परत करता येत नाही.

"मग दोन फोटो कशाला पाठवलेत?" सरांनी विचारलं.

"काळ्याला वॉरंटी नाही. तुम्हाला पटणार नाही असं वाटलं. म्हणून पांढऱ्याचाही टाकला."

सरांना हसू आलं नाही. जावयानं त्यांना अचूक ओळखलं होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. जी गोष्ट लेकीनं मागितली असती तर आपण दहा कारणं सांगितली असती, तीच जावयानं मागितल्यावर आपण तीन दिवस उन्हातून गंजगोलाईला खेटे घालतोय, हे त्यांना त्या पायरीवर उभं राहून स्वच्छ दिसलं. आत येऊन त्यांनी डायरी मिटली.

"काळं दे."

"सर, पण तक्त्यात तर पांढरं..."

"गणित चुकीचं मांडलं होतं," सर म्हणाले. "हे अडीच तास चालेल?"

"हाव सर. छोटे गेम असले तर चालतंय. माझा शब्द हाय."

शब्दाचं सरांच्या लेखी काय मोल होतं, ते महांतेशला वजनकाट्यावरूनच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर काळं यंत्र कापडी पिशवीत घालून लातूरच्या बसस्थानकावर गेले आणि चाकूरच्या गाडीत बसले. चाकूरला त्यांचं काही काम नव्हतं. जाऊन येऊन दोन सव्वादोन तास होतात आणि वाटेत धक्के भरपूर, एवढंच त्यांना हवं होतं. महांतेशनं यंत्रात एक खेळ घालून दिला होता. एक लहानसा धनगर, त्याच्या मागं तीन शेळ्या, आणि त्यांना घेऊन नदीपलीकडच्या गावात जायचं. सुरुवातीला यंत्रानं नाव विचारलं. सरांनी हजेरीपटात लिहितात तसं आडनाव आधी घालून लिहिलं, हाळीकर मा. ग.

पहिली वीस मिनिटं धनगर एका झाडाला धडका देत होता. सरांचे अंगठे भलतीकडं वळत आणि शेळ्या तिसरीकडं जात. लातूर मागं पडेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. पुढं कधीतरी धनगर सरळ चालू लागला आणि सरांच्या तोंडून हलकेच 'हां' निघालं. शेजारी टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीनं मान वाकवून पडद्यात पाहिलं. ती चाकूरची नागाबाई. लातुरात भाजी विकून परत निघाली होती, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

"नातवाचं हाय का?"

"नाही," सर म्हणाले. "लेकीचं आहे."

"केवढी हाय लेक?"

"एकोणतीस वर्षांची."

नागाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग परत पडद्याकडं. "असू द्या," ती म्हणाली. "त्या पांढऱ्या शेळीला पुढं घाला. ती मोहरकी दिसतीय."

सरांनी पांढरी शेळी पुढं घातली. खरंच बाकीच्या दोघी मागून चालू लागल्या. पण नदी आली आणि सगळं अडलं. शेळ्या पाण्यात उतरेनात. सरांनी वरून प्रयत्न केला, खालून केला, शेळी ढकलून बघितली. चाकूर आलं, नागाबाई 'येते' म्हणून उतरली, सरांनी तिथंच चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसून पुन्हा नदीकाठी उभे राहिले. लातूरच्या अलीकडं त्यांना एक गोष्ट कळली. गेला तासभर त्यांनी बॅटरीकडं पाहिलंच नव्हतं. उतरताना पाहिलं तेव्हा अठरा टक्के उरली होती. डायरीत तशी नोंद करून त्यांनी पुढं फक्त 'योग्य' एवढाच शेरा लिहिला.

धोंड्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी यंत्र आपल्या टेबलावर चार्जिंगला लावलं आणि दहाच मिनिटांत लाईट गेली. तेवढ्यात सौदामिनीबाई खोकं मागायला आल्या. त्यांना वरून जरीचा कागद लावायचा होता. काळी वस्तू शुभ कार्यात द्यायची, हे त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. पांढरं होतं ना तिथं, असं त्या चारदा म्हणाल्या. सरांनी यंत्र खोक्यात घालून दिलं. चार्जर टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी अकराला इरा आणि यज्ञेश नांदेडहून आले. पाटावर बसवून सौदामिनीबाईंनी दोघांना ओवाळलं, इराची ओटी भरली. सरांनी अनारशांचं ताट जावयाच्या हातात दिलं आणि त्यावर जरीच्या कागदातलं खोकं ठेवलं. ते इराच्या हातात द्यावं, असं त्यांच्या मनात सकाळपासून तीनदा आलं होतं. पण मग ती काय म्हणेल, ते त्यांना माहीत होतं. यज्ञेशनं कागद काढला. काळं यंत्र बघून त्यानं सरांकडं एकदाच पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. इरा खोक्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला यातलं काही कळत नाही, तूच बघ, असं म्हणून यज्ञेशनं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि आईला वाढायला मदत करायला उठली.

जेवणं झाली. पुरण आणि तूप यांनी आपलं काम केलं आणि यज्ञेश आतल्या खोलीत घोरू लागला. सौदामिनीबाई स्वयंपाकघरात अनारसे डब्यात भरत होत्या. सर बैठकीत पेपर उघडून बसले. दिवाणावर इरा पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि बराच वेळ खुर्चीवरच्या खोक्याकडं बघत होती. मग तिनं हात लांब करून ते घेतलं.

पेपरच्या कडेवरून सरांना तिचे अंगठे तेवढे दिसत होते. ते न अडखळता जागच्या जागी गेले. अकरा वर्षांत ते काही विसरले नव्हते. पडद्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. थोड्या वेळानं अंगठे थांबले.

"बाबा, हे कोणी खेळलंय?"

सरांनी पेपर खाली घेतला. इरा पडद्यावरचं वाचत होती. "हाळीकर मा. ग. दोन तास चौदा मिनिटं."

"बॅटरी तपासली," सर म्हणाले. "चाकूरला जाऊन आलो एसटीनं."

"चाकूरला कशाला?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "जाऊन येऊन कंधारच्या गाडीएवढा वेळ व्हायला पाहिजे होता."

इरानं मान वर केली. तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं, जिथून घोरणं येत होतं, आणि मग परत बापाकडं. तिला सगळं कळलं, आणि कळल्याचं सरांनाही कळलं. आता ती ते दोन शब्द म्हणेल, यंत्र खोक्यात ठेवेल आणि गोळ्या घेतल्या का ते विचारेल. सर पेपरची घडी घालत वाट बघत राहिले. घडी घालून झाली, तरी तिनं काही म्हटलं नाही.

मग तिचे अंगठे हलले. पडद्यावर खेळाचा नकाशा उघडला.

"दोन तास तुम्ही नदीकाठीच आहात?"

"शेळ्या पाण्यात उतरत नाहीत."

"नाहीच उतरत. टेकडीच्या मागं पूल आहे."

"टेकडीवर गेलो होतो मी."

"वर गेलात. मागं नाही गेलात," इरा म्हणाली आणि दिवाणावर थोडी सरकली.

जागा झाली होती ती एका माणसाची. सर उठले, जाऊन तिच्या शेजारी बसले, आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. धनगर टेकडीला वळसा घालून गेला. पांढरी शेळी पुढं, दोघी मागं. टेकडीच्या पलीकडं खरंच एक लाकडी पूल होता, वेलींनी झाकलेला. पांढरी मोहरकी आहे, सरांनी सांगितलं. कळलं मला, ती म्हणाली. पहिली शेळी पुलावर चढली, दुसरी चढली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकली.

इरानं खोक्यात हात घालून चाचपलं. खालचा पुठ्ठा काढून पाहिला. खोक्यात बाकी काही नव्हतं. टेबलावर राहिलेला चार्जर सरांना डोळ्यांपुढं दिसला आणि त्याच्यासोबत बारावीचं ते सगळं वर्ष. ते काही बोलणार, त्याआधी तीच बोलली. तिनं पडद्यावरून नजर काढली नव्हती.

"बाबा, चार्जर द्या."

अकरा वर्षांत तिनं मागितलेली ती पहिली वस्तू होती. सर गडबडीनं उभे राहिले. "आणतो. टेबलावर राहिला. काल लाईट गेली होती, म्हणून..."

"आणि खालच्या ड्रॉवरमधला पण आणा," इरा म्हणाली. "पाकिटातला."

त्या पाकिटाबद्दल सरांनी कधी कोणाला, सौदामिनीबाईंनासुद्धा, सांगितलं नव्हतं. इरा तिसऱ्या शेळीला पुलाकडं वळवत होती.

सरांच्या खोलीत टेबलावर नवा चार्जर पडलेला होता. तो त्यांनी खिशात घातला आणि खाली बसून ड्रॉवर ओढला. इतक्या वर्षांत लाकूड फुगलं होतं, दोनदा हिसका द्यावा लागला. वर जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्याखाली पाकीट. निळ्या शाईतलं त्यांचंच अक्षर, 'इरा. चार्जर. निकालानंतर देणे.' आणि त्याखाली पेन्सिलीनं, अठरा वर्षांच्या मुलीच्या बारीक, उजवीकडं झुकलेल्या अक्षरात, आणखी एक ओळ होती.

'निकाल लागला, बाबा.'

पाकीट चिकटवलेलं होतं तसंच होतं. तिनं ते फोडलं नव्हतं.

सर फरशीवर बसून राहिले. ती ओळ त्यांनी किती वेळा वाचली, कोणास ठाऊक. बाहेरून इराचा आवाज आला.

"बाबा, तीन टक्के राहिलेत."

'आलो,' सर म्हणाले. टेबलाचा आधार घेऊन ते उठले, आणि दोन्ही चार्जर घेऊन बैठकीत गेले.